हिराकसाचे ओढे

शेतीची खते-औषधे विकणाऱ्या दुकानात हिराकस मिळते. पिकाची पाने पिवळी पडली, की लोहाची कमतरता भरून काढण्यासाठी शेतकरी ते वापरतात. रसायनशास्त्रात त्याला फेरस सल्फेट म्हणतात. चमचाभर हिराकस पेलाभर पाण्यात विरघळवले, तर पाणी किंचित हिरवट दिसते. पेला तसाच उघडा ठेवला, की दोन-तीन दिवसांत पाणी पिवळट होते, तळाशी तांबूस गाळ बसू लागतो आणि काचेवर तांबडे कडे उमटते. निळा लिटमस त्यात बुडवला, तर तो लाल होतो.

आता पेल्याऐवजी ओढा डोळ्यांसमोर आणा. काठावर हिरवी झाडी आहे. पाणी मात्र नारिंगी, आणि तळाच्या दगडांवर गेरूसारखा लेप. दगड उलटून पाहिला, तर खाली एकही किडा नाही, शेवाळ नाही, मासा तर नाहीच. अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत असे ओढे हजारोंनी आहेत. एकट्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सोडून दिलेल्या कोळसाखाणींच्या पाण्याने बिघडलेल्या प्रवाहांची लांबी साडेपाच हजार मैलांहून अधिक भरते. तिथले खाणकामगार या नारिंगी गाळाला ‘यलो बॉय’, म्हणजे ‘पिवळा पोरगा’ म्हणत आले आहेत. नाव लाडाचे आहे. पण हा पोरगा घरात आला की बाकी सगळे घर सोडून जातात.

हे पाणी म्हणजे, थोडे ढोबळपणे बोलायचे तर, हिराकसाचे द्रावणच आहे. ते तिथे येते कुठून, आणि त्या गावांतल्या साध्यासुध्या माणसांनी त्याचे काय केले, हे या लेखात पाहू.

खाण बंद पडते, अभिक्रिया चालूच राहते

कोळशात आणि त्याच्या लगतच्या खडकांत पायराइट नावाचे खनिज असते. ते लोह आणि गंधक यांचे संयुग आहे. त्याच्या पिवळ्या चकाकीमुळे अनेकांना ते सोने वाटले आणि अनेकजण फसले. जमिनीत खोल, हवेपासून दूर असलेले पायराइट लाखो वर्षे निमूट पडून राहते. खाण खणली की तिथे हवा पोहोचते आणि पाणीही झिरपते. मग पायराइटमधल्या गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल बनते आणि लोह पाण्यात विरघळते. हे विरघळलेले लोह फेरस स्वरूपाचे असते. ते रंगहीन किंवा फिकट हिरवे दिसते. उघड्यावर आल्यावर त्याला आणखी ऑक्सिजन मिळतो, त्याचे फेरिक होते आणि ते तांबूस हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसते. हे बसतानाही पाण्यात आणखी आम्ल सुटते. खाणीच्या तोंडाशी पाणी नितळ दिसते आणि शंभर पावलांवर ते नारिंगी होते, त्याचे कारण हे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना याचा हिशोब करायला सांगावा. पायराइटच्या एका रेणूपासून शेवटी सल्फ्युरिक आम्लाचे दोन रेणू मिळतात. म्हणजे १२० ग्रॅम पायराइटपासून १९६ ग्रॅम आम्ल. आणि ते मारायला २०० ग्रॅम शुद्ध चुनखडी. एक टन पायराइट उघडे पडले, तर सुमारे १.६७ टन चुनखडी हवी. डोंगराच्या पोटात किती टन पायराइट उघडे पडले आहे, याची तर मोजदादच नाही.

पाण्यात आम्ल वाढले की फेरसचे फेरिक होण्याचा वेग खरे तर फार मंदावतो. केवळ रसायनशास्त्रावर सोडले, तर ही गाडी अडखळायला हवी. ती अडखळत नाही, याचे उत्तर १९४७ साली मिळाले. कोल्मर आणि हिंकल या वेस्ट व्हर्जिनियातील संशोधकांनी खाणीच्या आम्लयुक्त पाण्यात लोहाच्या ऑक्सिडीकरणावर जगणारे जिवाणू असल्याचे दाखवले. इतर जीव जिथे मरतात तिथे यांची भरभराट होते. पुढे १९७० मध्ये सिंगर आणि स्टुम यांनी मोजले, की हे जिवाणू ही पायरी दहा लाख पटींपर्यंत वेगवान करू शकतात. तयार झालेले फेरिक लोह स्वतःच आतल्या पायराइटवर हल्ला चढवते. या हल्ल्याला थेट हवा लागत नाही, पण फेरसचे पुन्हा फेरिक होऊन चक्र चालू राहायला ऑक्सिजन लागतोच.

खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतात. कंपनी निघून गेली, पंप थांबले, की भूजल चढत जाते, बोगदे भरतात आणि सर्वांत खालच्या फटीतून पाणी बाहेर पडते. पूर्ण बुडालेल्या खाणीत हवा पोहोचत नाही, त्यामुळे आम्ल काही दशकांत कमी होऊ शकते. पण डोंगराच्या अंगात, ओढ्याच्या पातळीच्या वर असलेल्या खाणीत हवा आणि पाणी दोन्ही खेळत राहतात. तिथे पिढ्यान् पिढ्या आम्ल वाहते.

चीट नदीचा फुगा फुटला

वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रेस्टन परगण्यातील चीट ही डोंगरदऱ्यांतून धावणारी नदी. पांढऱ्या फेसाळ पाण्यात नावा घालणाऱ्यांमध्ये ती प्रसिद्ध आहे. १९९४ च्या वसंतात, बेकायदा बुजवून टाकलेल्या एका भूमिगत खाणीत तुंबलेले पाणी डोंगराची कड फोडून बाहेर आले आणि मडी क्रीक नावाच्या ओढ्यातून चीटमध्ये घुसले. नदीच्या घळईतल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ४ वर आला. सामूचे माप दहाच्या पटीत चालते, हे शिक्षकांना सांगायला नको. सातावरून चारावर येणे म्हणजे आम्लता हजारपट होणे. सुमारे २६ किलोमीटर खाली, चीट लेक या जलाशयापर्यंत मासे मेले. १९९५ मध्ये खाण दुसऱ्यांदा फुटली, आणि ‘अमेरिकन रिव्हर्स’ या संस्थेने चीटला देशातील सर्वाधिक धोक्यातील दहा नद्यांच्या यादीत घातले.

नदीवर जगणारी माणसे यातून एकत्र आली. नाव चालवणारे होते, तसे मासेमारीची आवड असणारे आणि गावकरीही होते. त्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ द चीट’ ही संस्था काढली. १९९५ मध्ये शासकीय विभाग, उद्योग आणि नागरिक यांना एका टेबलाशी बसवून ‘रिव्हर ऑफ प्रॉमिस’ नावाचा करार झाला. अशा करारांचा आम्हाला फारसा भरवसा वाटत नाही. कागदावर सह्या करायला कुणाचे काही जात नाही. इथे करार टिकला, याला कारण आमच्या मते मोजमाप. दर काही दिवसांनी कुणीतरी ओढ्याकाठी जाऊन बाटली भरायचे, सामू पाहायचे, पाणी किती वाहते ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. हे काम वर्षानुवर्षे चालले.

यात एक मुद्दा असा आहे, जो वर्गात आवर्जून सांगावा. सगळ्यांत लाल ओढा हा सगळ्यांत घातक असतोच असे नाही. समजा, एका झऱ्यात लिटरला २०० मिलिग्रॅम लोह आहे, पण झरा सेकंदाला एकच लिटर वाहतो. दुसऱ्यात लिटरला १० मिलिग्रॅमच आहे, पण तो सेकंदाला १०० लिटर वाहतो. पहिला नदीत सेकंदाला २०० मिलिग्रॅम लोह सोडतो, दुसरा १०००. डोळ्यांना पहिला भयंकर दिसतो. नदीला दुसरा मारतो. पैसे थोडे असताना आधी कुठे खर्च करायचे, हे प्रवाहाचे माप घेतल्याशिवाय कळत नाही. छोट्या झऱ्याचे माप घ्यायला बादली आणि सेकंदकाटा पुरतो. सरकारी तज्ज्ञ वर्षातून दोनदा येतो. पावसाळी आणि कोरड्या दिवसांचा फरक टिपायला शेजारी राहणाराच माणूस लागतो.

चुनखडीचा हट्ट

आम्लावर उतारा चुनखडी, हे आठवीतला मुलगाही सांगेल. मग ओढ्यात चुनखडीचे दगड ओतले की झाले!

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही नेमके हेच करून पाहिले. शहाबादी फरशी ही चुनखडीच असते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे हिराकसाच्या पाण्यात टाकून भांडे उघडे ठेवले. आठवड्याने तुकडे बाहेर काढले, तेव्हा त्यांच्यावर तपकिरी कवच चढले होते. लिंबाच्या रसात टाकल्यावर ताज्या तुकड्यावर लगेच बुडबुडे आले; कवचाच्या तुकड्यावर उशिरा आणि थोडे. आतला दगड शाबूत होता, पण आम्लापर्यंत तो पोहोचतच नव्हता. ओढ्यातही हेच घडते. पहिल्या वर्षी सामू सुधारतो, उद्घाटनाचा फोटो छापून येतो. पुढे दगडांवर लोहाचा लेप चढतो आणि पाणी वरून निघून जाते.

त्याच शिबिरात दुसरी एक प्लॅस्टिकची बाटली ठेवली होती. पाणी उकळून, झाकून गार केले, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. त्यात हिराकस आणि फरशीचे तुकडे घालून बाटली काठोकाठ भरली आणि बूच लावले. यातल्या तुकड्यांवर थोडे डाग पडले, पण कवच चढले नाही. लोह फेरस राहिले, तर ते दगडावर बसत नाही. (काचेची बाटली मात्र घेऊ नये. आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो.)

याच तत्त्वावर १९८०-९० च्या सुमारास एक युक्ती निघाली. खाणीतून पाणी बाहेर पडते तिथेच, हवा लागण्याआधी, ते जमिनीखाली पुरलेल्या चुनखडीच्या चरातून न्यायचे. आम्ल तिथे मरते. मग पाणी उघड्या तळ्यात सोडायचे. तिथे त्याला हवा लागते आणि लोह निमूटपणे तळाशी बसते. गाळ हवाच आहे, फक्त तो दगडावर नको, तळ्यात हवा.

पण खाणीतून येतानाच पाण्यात हवा मिसळलेली असेल तर? किंवा आम्लाने खडकांतून अ‍ॅल्युमिनियम ओढून आणले असेल तर? अ‍ॅल्युमिनियमला हवा लागत नाही. सामू पाचाच्या आसपास गेला की ते पांढऱ्या गाळासारखे बाहेर पडते आणि चर तुंबवते. (माशांच्या कल्ल्यांवरही ते असेच बसते.) अशा पाण्यासाठी उभ्या प्रवाहाचे तळे करतात: वर पाणी, त्याखाली कुजलेल्या खताचा जाड थर, त्याखाली चुनखडी, आणि तळाशी भोके पाडलेल्या नळ्या. खतातले जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि फेरिकचे पुन्हा फेरस करतात, त्यामुळे खालची चुनखडी बरीच मोकळी राहते. पेनसिल्व्हेनियात अळिंबीची शेती मोठी आहे. तिथे वापरून टाकलेले अळिंबीचे खत या कामी येते. या तळ्याला वीज लागत नाही, रोज माणूसही लागत नाही. पण नळ्या ठरावीक काळाने झडझडून धुवाव्या लागतात, खत काही वर्षांनी बदलावे लागते, साठलेला गाळ उपसावा लागतो. ‘आपोआप चालणारी’ यंत्रणा म्हणून तिची जाहिरात होते, ती अर्धीच खरी आहे.

कोणत्या पाण्याला कोणता उपाय, हे ठरते ते पुन्हा वहीतल्या आकड्यांवरून. आकडे न घेता बांधलेले चर आणि तळी तुंबून पडलेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर गावाचा उत्साहही आटलेला आहे.

मडी क्रीकला यातले काहीच पुरले नाही. चीटच्या खोऱ्यात संस्थेने चुनखडीच्या लहान-मोठ्या योजना केल्या, काही उपनद्या सुधारल्या. पण मडी क्रीकमधले आम्ल इतके होते, की तिथे अखेर राज्याच्या पर्यावरण विभागाला चुना मिसळणारे मोठे शुद्धीकरण केंद्र उभारावे लागले. ते २०१८ मध्ये सुरू झाले, आणि ओढ्याच्या खालच्या सुमारे साडेपाच किलोमीटरमध्ये मासे परतले. पहिल्या फुटीपासून चोवीस वर्षांनी. या काळात नागरिकांनी काय साधले, असे कुणी विचारेल. आमचे उत्तर असे, की दोन तपे त्यांनी हा ओढा कुणाला विसरू दिला नाही. केंद्र कुठे हवे, किती मोठे हवे, हे सांगणारे आकडे तयार ठेवले.

बाग आणि गेरू

सगळेच प्रयत्न इतके रुक्ष नाहीत. पेनसिल्व्हेनियातील विंटनडेल या जुन्या खाणगावात टी. अ‍ॅलन कॉम्प या इतिहासकाराने १९९४ मध्ये एक वेगळीच योजना सुरू केली. कलावंत, शास्त्रज्ञ आणि गावकरी यांनी मिळून ३५ एकरांवर बाग केली. खाणीचे पाणी एकामागून एक तळ्यांतून फिरते आणि नारिंगीकडून स्वच्छतेकडे जाते. काठाने झाडे अशी लावली, की पानगळीच्या दिवसांत त्यांचे रंगही लालपासून पिवळ्या-हिरव्यापर्यंत बदलत जावेत. तिला नाव दिले ‘लिटमस बाग’. या बागेत एकाच झऱ्याचे पाणी शुद्ध होते. शेजारच्या ब्लॅकलिक ओढ्यात इतर खाणींचे पाणी येतच राहिले. तरी ज्या गावाला आपल्या ओढ्याची लाज वाटत होती, तिथे लोक मुद्दाम पाणी पाहायला येऊ लागले.

ओहायोतील संडे क्रीकवरचा प्रयोग आम्हाला अधिक विचार करायला लावतो. तिथे ट्रूटाउन येथे एका बुडालेल्या खाणीतून मिनिटाला सुमारे पावणेचार हजार लिटर पाणी बाहेर येते. वर्षाला त्याबरोबर नऊशे टनांहून अधिक लोहऑक्साइड ओढ्यात पडते आणि सुमारे अकरा किलोमीटरचा प्रवाह निर्जीव होतो. ओहायो विद्यापीठातील अभियंते गाय रीफलर आणि चित्रकलेचे प्राध्यापक जॉन सॅब्रॉ यांनी या गाळापासून रंग बनवायचे ठरवले. ‘रूरल अ‍ॅक्शन’ ही स्थानिक संस्था त्यांच्यासोबत होती. पाण्यातून लोह काढायचे, धुवायचे, वाळवायचे आणि तापवायचे. पिवळ्या लोहसंयुगातले पाणी तापवल्यावर निघून जाते आणि ते लाल होते. आणखी तापवले तर जांभळट. आपल्याकडे कुंड्यांना लावतो तो गेरू आणि कोकण-गोव्याच्या देवळांच्या भिंतींवरची काव यांतले रंगद्रव्य हेच. ‘गॅम्ब्लिन’ या रंगकंपनीने या गाळाच्या तैलरंगाच्या ट्यूबा विक्रीला आणल्या. याआधी पश्चिम पेनसिल्व्हेनियात रॉबर्ट हेडिन यांनीही खाणीच्या पाण्यातले लोह रंगासाठी विकून दाखवले होते.

कल्पना देखणी आहे, आणि देखणी असल्यामुळे तिची चर्चा फार होते. पण सगळ्या ओढ्यांचा गाळ इतका शुद्ध नसतो. अ‍ॅल्युमिनियम-मँगनीज मिसळले की रंग बिघडतो. शिवाय जगाला गेरू लागणार तरी किती? ट्रूटाउनची खरी शिकवण आम्हाला वेगळी वाटते. शुद्धीकरणाचा खर्च दरवर्षी येतो, म्हणून उत्पन्नही दरवर्षी येणारे हवे, असा विचार तिथे सुरुवातीपासून झाला.

कारण अडचण इथेच आहे. अमेरिकेत १९७७ साली कायदा झाला आणि नव्या खाणींवर जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी आली. त्याआधी सोडलेल्या खाणींना मालकच उरला नाही. त्यांच्यासाठी कोळशावर कर बसवून निधी उभारला. पण उद्घाटनाला पैसे मिळणे सोपे आणि गाळ उपसायला मिळणे अवघड, हे आपल्याही परिचयाचे आहे. त्यात दुसरी भीती अशी, की स्वयंसेवकांनी ते पाणी हाताळले, तर पुढच्या प्रदूषणाला कायद्याने तेच जबाबदार ठरतील. पेनसिल्व्हेनियाने १९९९ मध्ये अशा स्वयंसेवकांना आणि जमीनमालकांना संरक्षण देणारा कायदा केला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने सोडलेल्या कोळसाखाणींसाठी सुमारे ११३० कोटी डॉलर मंजूर केले, आणि २०२२ च्या अखेरीस आणखी एक कायदा करून, राज्यांना त्यातला ३० टक्क्यांपर्यंतचा वाटा पाणी शुद्ध करण्याच्या दीर्घकालीन खर्चासाठी बाजूला ठेवण्याची मुभा दिली. ही छोटी दुरुस्ती व्हावी म्हणून ओढ्याकाठच्या संस्था झगडत होत्या. बांधलेले तळे वीस वर्षांनी कोण धुणार, हा त्यांचा प्रश्न होता.

आपल्याकडे

चंद्रपूर-वणीकडचे शिक्षक म्हणतील, आमच्याकडे खाणी आहेत, पण असे नारिंगी ओढे सहसा दिसत नाहीत. याचे कारण भूशास्त्रात आहे. विदर्भातला कोळसा गोंडवाना काळातला. त्यात गंधक साधारणतः एक टक्क्याहून कमी असते. तिथल्या पाण्याचे दुखणे मुख्यतः कोळशाची भुकटी आणि ढिगाऱ्यांवरून वाहून येणारी माती हे आहे. ईशान्य भारतातला कोळसा मात्र पुष्कळ तरुण आणि गंधकाने भरलेला. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणी हजारोंनी खणल्या गेल्या. २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यांच्यावर बंदी घातली. बंदीमुळे बिळे बुजली नाहीत. पाऊस त्यांत शिरतो आणि आम्ल घेऊन बाहेर येतो. तिथली लुखा नदी हिवाळ्यात गडद निळी दिसू लागली आणि मासे मेले. आसाम-मेघालयाच्या सीमेवरील कोपिली जलविद्युत प्रकल्पात या आम्लाने टर्बाइनचे भाग खाल्ले.

विशेष म्हणजे याच टेकड्यांत चुनखडीही मुबलक आहे. पूर्व जैंतिया टेकड्यांतील मूलामिलियांग या खाणींनी वेढलेल्या गावात लोकांनी खाणीचे पाणी चुनखडीच्या उघड्या पाटांतून सोडण्याचा प्रयोग केला आहे. पाट उघडा आहे, म्हणजे दगडांवर कवच चढणार. पाट तीव्र उतारावर असेल, तर वेगवान पाणी ते काही अंशी खरवडून नेते. सपाटीवर असेल, तर दगड हलवावे किंवा बदलावे लागतात. पाटाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दर आठवड्याला सामू मोजला, तर कवच केव्हा चढले ते आकड्यांतल्या घसरणीवरून कळते. सामू दाखवणारी कागदी पट्टी यासाठी पुरते, आणि गावातल्या शाळेची मुलेही हे मोजू शकतात.